शेवटच्या शून्याला किंमत नसते

आज अजून एक पार्सल परत आलं. हलवलं तर आतून खुळखुळ, म्हणजे दोन डझनातल्या किती बांगड्या वाढल्या ते उघडल्यावरच कळणार, आणि वर कस्टमरबाईंचा एक स्टार : "छोट्या मुलीसाठी सगळ्यात लहान साईज मागवला, तो माझ्या सासूबाईंच्या हातात आरामात गेला. फसवणूक आहे." अहो बाई, जाणारच. तो सगळ्यात मोठा साईज आहे. तुमची चूक नाही, आणि कुणी देवापुढे उभं करून विचारलं तरी सांगेन, माझीही नाही.

आमचं बांगड्यांचं दुकान आहे, पिढीजात कासारकी. सासरे अजूनही समोरच्या बाईचा हात हातात घेतात, अंगठ्याखालचं हाड दाबून बघतात आणि मागे वळूनही न बघता फळीवरून बरोबर जोड काढतात. आकडा वगैरे काही तोंडातून निघत नाही. पण ऑनलाइन दुकानात हात दाबायची सोय नाही, तिथे आकडा टाकावा लागतो, आणि बांगडीचा आकडा दिसतो दशांशासारखा पण तो दशांश नाहीये. २.४ म्हणजे दोन इंच आणि वर इंचाच्या सोळा भागांपैकी चार, म्हणजे सव्वादोन इंच. २.८ म्हणजे अडीच. आणि त्याच्या पुढचा २.१०, दोन इंच आणि दहा भाग. रुपयाचे सोळा आणे तसे इंचाचे सोळा भाग, विषय संपला. कुठल्याही आजीला विचारा, शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीला सुद्धा, अडीचनंतर काय येतं ते ती सांगेल.

साईटला मात्र नाही सांगता येत.

तिथली पद्धत अशी की आधी एक पेरेंट लिस्टिंग बनवायचं, जे कुणालाच विकत घेता येत नाही, ते नुसतं घरातल्या मोठ्या माणसासारखं वर बसून राहतं. त्याच्याखाली चाइल्ड. पाच साईज आणि नऊ रंग म्हणजे पंचेचाळीस चाइल्ड, प्रत्येकाचा वेगळा एसकेयू, म्हणजे मालाचा कोड, वेगळा स्टॉक, वेगळी किंमत, आणि पांढऱ्याशुभ्र बॅकग्राउंडवर वेगळा फोटो. आणि हे सगळं भरायचं एका एक्सेल शीटमध्ये, जिचे कॉलम उजवीकडे सरकत सरकत पार क्षितिजापर्यंत जातात. बांगडीला बॅटरी लागते का? बांगडी ज्वलनशील आहे का? भरा.

रंगांची तर कथाच वेगळी. रंगाचं नाव आपण काहीही लिहू शकतो, पण शेजारच्या रकान्यात त्यांच्या यादीतला रंग निवडायचाच, नाहीतर फिल्टरमध्ये माल दिसत नाही. म्हणजे चिंतामणी गेला ब्लू मध्ये, मोरपंखी पण ब्लू मध्ये, आमसुली गेला पर्पलमध्ये, आणि चुड्याचा हिरवा, पोपटी, शेवाळी, बाटली हिरवा हे सगळे एकाच ग्रीनच्या पोत्यात. नवरीच्या आईला चुड्याच्या हिरव्याच्या जागी पोपटी गेला तर काय होतं ते त्या यादी बनवणाऱ्याने एकदा आमच्या काउंटरवर उभं राहून बघावं. नवरात्राच्या आधी तर नऊ रंगांचा सेट लावायचा असतो, दरवर्षी वारांप्रमाणे क्रम बदलतो, त्यात राखाडी आला की बायका राखाडी बांगड्या शोधतात, ज्या एरवी वर्षभर कुणी फुकट दिल्या तरी घालणार नाही. असो, भरकटले.

तर साईज. मी आधी २-१० असं डॅश देऊन लिहिलं, तर एक्सेलने त्याची २ ऑक्टोबर केली. सव्वादोनची २ एप्रिल, अडीचची २ ऑगस्ट, आणि सगळ्यात जाड हाताच्या बायकांना गांधी जयंती. मग टिंब दिलं, तर २.१० चं २.१ झालं. मग पूर्ण कॉलम टेक्स्ट केला, शीटमध्ये व्यवस्थित २.१० दिसायला लागलं, अपलोड केलं, हिरवी टिकमार्क आली, सगळं सक्सेसफुल. आणि साईटवर जाऊन बघते तर परत २.१. बरं नुसतं एवढंच असतं तरी चाललं असतं, पण साईटने साईज आपल्या मनाने चढत्या क्रमाने लावले : २.१, २.२, २.४, २.६, २.८. म्हणजे आमच्याकडची सगळ्यात मोठी बांगडी लायनीत पहिली. ज्यांचा हात सगळ्यात नाजूक त्या पहिल्या बटणावर बोट ठेवतात आणि त्यांना मिळते हत्तीच्या पायातली. आणि ज्यांना खरंच २.१० पाहिजे त्यांना ती सापडतच नाही, त्या दुसऱ्या दुकानात जातात.

लावला सपोर्टला फोन. दुकानात तेव्हा एकच गिऱ्हाईक होतं, आमच्या आळीतल्या काकू, सुनेची मंगळागौर म्हणून हिरव्या भरायला आलेल्या, आणि सोबत स्टुलावर सर. सर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. अर्ध्या गावाला त्यांनी वर्गात शिकवलंय, उरलेल्या अर्ध्याला रस्त्यात थांबवून शिकवतात. माझे दोन्ही हात काकूंच्या हातात अडकलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. तिथेच घात झाला.

पलीकडचा मुलगा अगदी गोड होता. "मॅम, मी तुमची गैरसोय समजू शकतो," वगैरे झालं. मी सगळं सांगितलं. तो थोडा वेळ टाइप करत राहिला आणि म्हणाला, "मॅम, पण २.१० आणि २.१ एकच आहे ना?"

"नाही."

"मॅम, पॉइंटनंतर शेवटच्या शून्याला काही किंमत नसते."

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. "बरोबर सांगतोय मुलगा," सर म्हणाले.

मी म्हटलं, सर, हे दशांश नाहीत, सोळांश आहेत. तर सर म्हणतात, "मग मधे टिंब कशाला दिलंय?" आता याला काय उत्तर देणार? फिरोजाबादहून येणाऱ्या प्रत्येक खोक्यावर टिंबच छापलेलं असतं, आमच्या आजेसासऱ्यांच्या वेळेपासून असतं, आणि आजवर कुणाला त्याचा त्रास झाला नव्हता.

सर फोनजवळ आले. "बाळ, दहावीला गणितात किती होते?"

"एकाहत्तर, सर." तो पण कसा काय उत्तर देत होता देव जाणे.

"भूमितीत गेले ना?"

"हो सर, भूमितीतच."

"सगळ्यांचे तिथेच जातात. पण तुझा दशांशाचा पाया पक्का आहे. हिला समजाव."

मी म्हटलं, सर, एक मिनिट, तुम्हीच सांगा, २.८ नंतर काय येतं? "२.९." म्हटलं, ९ येत नाही, दोनदोनच्या फरकाने जातं. "मग ३." नाही सर, मधे २.१०, २.१२, २.१४ आणि मग ३. सर गप्प झाले. मला वाटलं पटलं. तर म्हणाले, "ही लेखनपद्धतीच सदोष आहे. फिरोजाबादला पत्र लिहायला हवं." आणि फोनमधून आवाज आला, "सर, तुम्ही ही सूचना आमच्या फीडबॅक फॉर्ममध्ये नोंदवू शकता."

एवढ्यात काकू कळवळल्या. "अहो तुमचं गणित राहू द्या, मला अडीचची जात नाहीये, अंगठ्यापाशी अडकलीय." मी अडीचची हळूच मागे काढली आणि २.१० घेतली. सर लगेच, "२.८ जात नाही तर २.१ कशी जाईल? ती लहान आहे!" मी काही बोलले नाही. काकूंचा हात सैल सोडायला सांगितला, बोटं मिटवली, अंगठा आत वळवला आणि एक एक करत सहाच्या सहा सरळ मनगटावर. काकूंनी हात हलवून किणकिण केली. फोनमधला मुलगा सुद्धा ऐकत असावा, कारण तोही काही बोलेना.

सरांनी बांगड्या बघितल्या, काकूंचा हात बघितला, चष्मा काढून परत लावला. म्हणाले, "प्रयोग म्हणजे सिद्धता नव्हे."

बिल झालं १२०. मी म्हटलं, सर, शेवटच्या शून्याला किंमत नसते ना, मग १२ द्या. सर अजिबात हसले नाहीत. "ते शून्य दशांशचिन्हाच्या डावीकडचं आहे," म्हणाले, आणि शंभराची आणि विसाची नोट मोजून काउंटरवर ठेवली. मुलाने विचारलं, "आणखी काही मदत करू शकतो का?" मी नाही म्हणायच्या आत सरांनी त्याला आशीर्वाद दिला आणि फोन कट झाला. संध्याकाळी मेल आला, तुमची केस रिझॉल्व्ह झाली आहे, कृपया आमच्या प्रतिनिधीला पाचपैकी गुण द्या.

सरांचं जाऊ दे, ते गल्लीचे आहेत, त्यांना माझ्या संक्रांतीच्या वाणात सुद्धा अपूर्णांक दिसतात. राग येतो तो त्या पलीकडच्या लोकांचा. चपलेसाठी त्यांच्याकडे यूके आहे, यूएस आहे, युरो आहे, तिन्हींचा तक्ता आहे. आणि ज्या देशात बसून धंदा करताय तिथल्या बायका बारशापासून जी वस्तू घालतात तिचा साईज लिहायला धड एक रकाना नाही? सरकारने सुद्धा काचेच्या बांगडीला जीएसटी शून्य ठेवलाय, आणि त्या शून्याला किती किंमत आहे ते आम्हाला विचारा. पण इथे परत आलेल्या मालाचं येण्याजाण्याचं भाडं माझ्या पेमेंटमधून कापतात, काच वाढली तर क्लेम करायला पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागतात, आणि कारण लिहितात "वर्णनाप्रमाणे नाही". वर्णन माझं होतं तसंच होतं हो, तुम्ही बदललंत. एका डझनामागे सुटतात किती, त्यात हे.

सपोर्टच्या दुसऱ्या एका मॅडमनी मग उपाय सांगितला : साईजची थीम, म्हणजे साईज मांडायची पद्धत, आता बदलता येणार नाही, पेरेंट डिलीट करा, सगळे चाइल्ड नव्या थीमने परत बनवा. आणि जुने रिव्ह्यू? ते नव्या लिस्टिंगवर येतीलच असं नाही. म्हणजे एवढ्या बायकांनी लिहिलेलं "छान चमक आहे", "रंग फोटोसारखाच" हे सगळं सोडायचं, आणि "फसवणूक" लिहिणाऱ्या बाईंच्या निमित्ताने पहिल्यापासून पंचेचाळीस.

केलं. रात्री जागून केलं. आता साईज मिलिमीटरमध्ये टाकलेत, ५४, ५७, ६०, ६४, ६७, टिंबाचा प्रश्नच नको. क्रम पण बरोबर लागला. सरांना काकूंच्या मोबाईलवर ते दिसलं तर मुद्दाम दुकानात येऊन सांगून गेले की ६७ चूक आहे, ६६.६७५ पाहिजे, तीन दशांश स्थळांपर्यंत.

आणि कस्टमरचे प्रश्न सुरू झाले. "ताई, मला अडीचची होते, मी ६० घेऊ का ६७?" "६४ म्हणजे वय का?" एकीने मनगटाला दोरी गुंडाळून फोटो पाठवला, मनगटाला, जिथे बांगडी राहते, जिथून जाते तो भाग सोडून. तिला मी लिहिलं, ताई, असं नाही कळत, हात बघावा लागतो, जवळ राहत असाल तर दुकानातच या.

ते उत्तर थोड्या वेळात साईटने काढून टाकलं. ग्राहकाला साईटच्या बाहेर बोलावणं नियमात बसत नाही म्हणे, आणि परत असं केलं तर अकाउंट बंद करू अशी वॉर्निंग आलीय.