कामावर जाताना आजोबांचे कागद सोबत घ्या

आधार, पॅन, मतदान कार्ड, रेशन कार्ड, सगळं टेबलावर मांडलं तरी बांगलादेशी समजून उचललेल्या मजुराला पोलीस चौकीत उत्तर एकच: "हे काय, कोणीही काढतं." परवा पुन्हा तेच ऐकलं. तेव्हा मुंबई-ठाण्यात विटा-सिमेंट वाहणाऱ्या तमाम बंगालीभाषक बांधवांसाठी या काही हिताच्या सूचना.

जन्माला येताना तारीख बघून या. 1 जुलै 1987 च्या आधी भारतात जन्मलात तर जन्मानेच नागरिक. त्यानंतर आलात तर आई-वडिलांपैकी एक जण नागरिक असल्याचं दाखवा. 3 डिसेंबर 2004 पासून पुढे आलात तर दुसरा बेकायदा घुसलेला नाही, हेही दाखवा. घरी दाईने सोडवलं आणि नोंद राहून गेली? मग उशिराची नोंद करा. केलीत की ती उशिरा का केली, असा संशय! मालेगावात अशा दाखल्यांवर जानेवारी 2025 मध्ये विशेष तपास पथक (एसआयटी) बसलंच ना.

बंगालीत बोलू नका. झोपेत तर मुळीच नाही.

वडिलांचा शाळेचा दाखला, जुन्या मतदार यादीचं पान, गावच्या जमिनीचा पर्चा यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मोबाइल सगळ्यात आधी काढून घेतात, म्हणून एक संच गावीही ठेवा. आधारच्या भरवशावर राहू नका. तो नागरिकत्वाचा पुरावा नाही हे आधार कायद्याचं कलम 9च सांगतं, आणि मुंबई हायकोर्टही ऑगस्ट 2025 मध्ये तेच म्हणालं. मान्य. मग कोणता कागद चालेल? ते विचारायचं नाही. सिद्ध करायचं ओझं कायद्याने तुमच्यावर, आणि चाललं की नाही ते ठरवणार हवालदार.

निकाल लागेपर्यंत जिवंत राहा. आसामच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये बजावलं, की नुसत्या संशयावर कोणालाही उचलून 'आता सिद्ध कर' म्हणता येत नाही. संशयाला काहीतरी पाया लागतो आणि तो समोरच्याला सांगावा लागतो. कोर्टाने त्या माणसाला भारतीय ठरवलं तेव्हा तो वारलेला होता.

आणि हो, घाईची सवय करून घ्या. 2 मे 2025 च्या केंद्रीय गृहखात्याच्या पत्रात लिहिलंय, की माणूस 'मी अमुक राज्यातला' म्हणाला तर त्या राज्याकडून 30 दिवसांत पडताळणी करून घ्यावी. त्यानंतरच्याच महिन्यात मीरा रोडवरून उचललेले पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचे मजूर थेट सीमेपलीकडे! बंगाल सरकारने कागद पुढे केले तेव्हा कुठे परत आले. म्हणजे हकालपट्टी आधी, चौकशी मागून. त्याच जूनमध्ये दिल्लीतून बंगालच्याच बीरभूमच्या एका गरोदर बाईला तिच्या लहान मुलासकट ढकललं. पोलिसांच्या कागदात ती 1998 साली घुसल्याचं लिहिलेलं, आणि आधार-पॅनप्रमाणे तिचा जन्म 2000 चा! हे दिसायला कलकत्ता हायकोर्ट लागलं. सप्टेंबरमध्ये हकालपट्टीचा आदेश रद्द झाला, ती घरी आली डिसेंबरात, तेही 'मानवतेच्या दृष्टीने'. नवरा तिकडेच राहिला. चूक झाली, असं कोणाच्या तोंडून निघालं नाही. निघेल कशाला?

पुरे झाल्या सूचना. फॉरवर्ड वाचून 'बरं झालं, हाकला' म्हणणाऱ्यांनो, फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेने 104 भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला उतरवलं, त्यात तिघे महाराष्ट्राचे होते, तेव्हा तुमचंच रक्त खवळलं होतं ना? घटनेचं कलम 21 'व्यक्ती' म्हणतं, 'नागरिक' नाही. त्यामुळे खराखुरा बांगलादेशी असला तरी त्याला रात्री शेतातून ढकलता येत नाही. त्याच्या देशाकडून ओळख पटवून, रीतसर ताब्यात द्यावा लागतो. उचललं की 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. कारणं लेखी द्यायची, त्याला कळतील अशा भाषेत. नोव्हेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे सांगितलं ते मुंबईच्याच प्रकरणात. नातेवाइकांनी 15100 वर फोन करून फुकट वकील मागायचा आणि थेट हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे 'माणसाला कोर्टासमोर हजर करा' अशी याचिका, टाकायची. माणूस सीमेकडे निघायच्या आत. नंतर नुसत्या तारखा पडतात.

आणि साहेब, मुर्शिदाबादच्या ठाण्याला फोन लागतो. लावा, विचारा, आलेलं उत्तर फाइलला जोडा. एवढाही कंटाळा येत असेल तर वर्दी कशाला चढवली?