कापराच्या पोटलीनं मोठीमायचं विसरणं जात नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज तिसऱ्यांदा आला तेव्हाही मी गप्प बसले होते. "भीमसेनी कापूर, लवंग, ओवा यांची पोटली २१ दिवस हुंगा. वास थेट मेंदूत जातो, हरवलेल्या आठवणी परत येतात, विसरण्याच्या गोळ्या कायमच्या बंद." मग दादानं ती पोटली मोठीमायच्या गळ्यात बांधली, गोळ्या बंद केल्या आणि अठरा दिवस कोणाला सांगितलंच नाही. आता गप्प बसणार नाही.

आधी पोटलीचंच बोलते. अठराव्या दिवशी वहिनी भाकरी थापत होती, मोठीमाय ओसरीत खाटेवर. तिनं गाठ सोडून कापराची वडी काढली आणि खडीसाखर समजून गालात धरली. वहिनीनं पिठाच्याच बोटांनी ती बाहेर काढली म्हणून निभावलं. कापूर पोटात गेला की काही मिनिटांत झटके येऊ शकतात. लहान लेकराच्या पोटात एक ग्रॅम गेला तरी जिवावर बेततं. तोंडात काय घालावं हे ज्या माणसाला उमजत नाही, त्याच्याच गळ्यात हे बांधायला सांगता? आणि विसरण्याच्या आजारावरची तिची गोळी, डोनेपेझिल. ती आजार बरा करत नाही, काही काळ लक्षणं सांभाळून धरते, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण एकदम बंद केली तर सांभाळलेलंही घसरू शकतं. त्या अठरा दिवसांत मोठीमाय दोनदा रात्री कडी काढून बाहेर पडली. एकदा विहिरीपर्यंत गेली होती.

"वास थेट मेंदूत जातो" हे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. पाहिलेलं, ऐकलेलं आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढं जातं. वासाची वाट तो नाका टाळून भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी, अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पसशी, जवळून जोडलेली आहे. पण अल्झायमरमध्ये, म्हणजे विसरण्याच्या या आजारात, त्याच हिप्पोकॅम्पसच्या पेशी मरतात, आणि वास ओळखण्याची ताकदही लवकर कमी होते. ज्या दारानं औषध आत जाईल म्हणता, ते दारच या रोगात आधी बिघडतं.

वासानं आठवण येते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मोठीमायचं माहेर गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्याकडचं. एप्रिलमध्ये तिकडून आलेली मोहफुलं वहिनीनं अंगणात वाळत घातली होती. ऊन चढलं तसा तो गोड, जरासा आंबूस वास ओसरीत भरला. नातवाचं नाव न आठवणारी मोठीमाय उठून बसली. "उठा वो, पहाट झाली. टोपली घ्या, ढोरं खाऊन टाकतीन." झाडाखालचा पाला जाळून जागा कशी साफ करायची, धाकटा भाऊ रडत कसा मागं मागं यायचा, सारं सांगितलं. मला रडू आलं. दहा मिनिटांनी तिनं मलाच विचारलं, "तू कोनाची वो पोरी?"

आणि तो धाकटा भाऊ तिच्या लग्नानंतर दोन वर्षांनी जन्मला होता. म्हणजे मेसेजमधलं "वासानं आलेली आठवण कधीच खोटी नसते" हेही गेलं. अमेरिकेत रेचेल हर्ट्झ आणि जोनाथन स्कूलर यांनी वासानं येणाऱ्या आठवणी तपासून २००२ साली छापलं. वासानं जागी झालेली आठवण जास्त भावनेनं भरलेली असते, आपण तिथं परत गेलो असं जास्त वाटतं, पण ती जास्त स्पष्ट किंवा जास्त तपशीलवार नसते. रडू आलं म्हणून आठवण खरी ठरत नाही.

"शेंगदाण्याचा कूट हुंगा, वास आला नाही तर स्मृतिभ्रंश" हेही त्याच मेसेजात आहे. फ्लोरिडा विद्यापीठात २०१३ साली पीनट बटरची एक छोटी चाचणी झाली होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ती पुन्हा करून पाहिली तेव्हा तसा निकाल आला नाही. वास तर साध्या सर्दीनंही जातो. "नासानं सिद्ध केलं" याला उत्तर देत नाही.

शेवटची ओळ मात्र सोडवत नाही: "वासातून फक्त सुखद आठवणी येतात." २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. दादा त्या हंगामात सहा दिवस दवाखान्यात होता. आजही शेजारच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, फवारणीचा पंप सुरू झाला की तो वास येताच दादा भरलं ताट सोडून आत जातो, दार लावून घेतो. हात कापत असतात.

ती ओळ मी त्याला वाचून दाखवली. तो काही बोलला नाही. देवळीत लपवलेली गोळ्यांची पट्टी काढून त्यानं वहिनीच्या हातात दिली आणि डॉक्टरांना फोन लावला. इतका खंड पडला तर पुन्हा कमी डोसपासून सुरू करावी लागते, असं ते म्हणाले.