फॉरवर्ड असिस्ट नसलेली रायफल भरवशाची नसते, या दाव्याविषयी

एआर-१५ जातीच्या अर्धस्वयंचलित रायफलींबद्दल एक दावा आता जवळजवळ गृहीत धरला जातो. रायफलीच्या उजव्या अंगाला, झाडलेल्या काडतुसाची पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीच्या मागे, अंगठ्याने दाबायचे जे बटण असते त्याला फॉरवर्ड असिस्ट म्हणतात, आणि ते नसेल तर रायफल भरवशाची नाही, असा हा दावा आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ चार गोष्टी सांगितल्या जातात : व्हिएतनाममध्ये एम१६, म्हणजे याच रायफलीचा लष्करी अवतार, अडकू लागली म्हणून हे बटण बसवावे लागले, कोणत्याही जाणत्या लष्कराच्या रायफलीला बोल्ट (काडतूस नळीत ढकलून तिचे मागचे टोक बंद करणारा भाग) हाताने पुढे ढकलण्याची सोय असतेच, अमेरिकी लष्कराच्या कवायतीतच ते दाबायला शिकवतात, आणि शेवटी, लागले नाही तरी ते असण्याने नुकसान काहीच होत नाही.

मुद्द्यांकडे वळण्यापूर्वी ते बटण नेमके काय करते हे पाहिले पाहिजे. एआर-१५ चे चार्जिंग हँडल, म्हणजे रायफल भरताना ओढायची मूठ, बोल्ट कॅरियरला (बोल्ट ज्यात बसतो त्या सरकत्या भागाला) मागे ओढू शकते, पण पुढे ढकलू शकत नाही, आणि गोळीबार चालू असताना ते जागचे हलत नाही. त्यामुळे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातील त्याच्या जागेत, पुरते न बसता बोल्ट दोन-चार मिलिमीटर अलीकडेच थांबला, तर त्याला पुढे रेटण्यासाठी हाताला धरायला काही सापडत नाही. फॉरवर्ड असिस्टचा दांडा आत दाबला की त्याच्या टोकाची खिट्टी कॅरियरच्या अंगावर कोरलेल्या तिरप्या दात्यांपैकी एकात अडकते आणि कॅरियर थोडा पुढे सरकतो. सोडून पुन्हा दाबले की खिट्टी त्यामागचा दाता पकडते. पुढे सरकणारा कॅरियर बोल्टला फिरवतो आणि बोल्ट नळीच्या मागच्या टोकाशी बंद होतो. या बटणाचे काम एवढेच आहे. ते काडतूस बाहेर काढत नाही, चेंबर साफ करत नाही आणि बोल्ट का थांबला हेही सांगत नाही.

व्हिएतनामचा मुद्दा सर्वांत जास्त सांगितला जातो आणि तोच सर्वांत कच्चा आहे, कारण त्यात घटनांचा क्रमच उलटा लावलेला आहे. यूजीन स्टोनरने आखलेल्या मूळ रायफलीवर हे बटण नव्हते. अमेरिकी हवाई दलाने ती एम१६ या नावाने तशीच स्वीकारली. भूदलाने मात्र हाताने बोल्ट बंद करण्याची सोय हवीच असा आग्रह धरला आणि त्यातून एक्सएम१६ई१ हा वेगळा प्रकार निघाला. १९६३ च्या अखेरीस कोल्ट कंपनीशी जो करार झाला, त्यात भूदलासाठी बटण असलेल्या ८५,००० आणि हवाई दलासाठी बटण नसलेल्या १९,००० रायफली होत्या. व्हिएतनाममध्ये रायफली अडकून जवान मरत असल्याच्या ज्या तक्रारींनी अमेरिकेत गदारोळ उठला, त्या त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आल्या, आणि त्या प्रामुख्याने भूदलाच्या व मरीन दलाच्या जवानांकडून आल्या. म्हणजे हे बटण त्या संकटावरचा उपाय म्हणून आले नाही. संकट आले तेव्हा भूदलाच्या रायफलींवर ते आधीच बसलेले होते.

भूदलाचा आग्रह कुठून आला असावा, याचे उत्तर मला सवयीत दिसते. गॅरंड, एम१ कार्बाइन आणि एम१४ या त्याच्या आधीच्या तिन्ही शस्त्रांची बोल्ट ओढायची मूठ बोल्टबरोबर मागेपुढे होत असे आणि बोल्ट अडला तर जवान तळहाताने मुठीला थाप मारून तो पुढे बसवत असे. एक पिढी ज्या थापेवर विसंबून होती ती नव्या रायफलीत मारता येईना, तेव्हा तिला काहीतरी पर्याय हवा होता. मागणी समजण्यासारखी आहे, पण ती आधीच्या रायफलींच्या अनुभवातून आलेली होती.

व्हिएतनाममधला खरा बिघाड तर नेमका विरुद्ध दिशेचा होता. काडतुसातील दारू बदलून गोल कणांची दारू वापरात आली होती. तिने गोळीबाराचा वेग वाढवला आणि यंत्रणेत जास्त काजळी साठू लागली. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळे दमट हवेत तो गंजे. भरीला रायफलीला फारशा साफसफाईची गरज नाही असा समज पसरलेला होता आणि साफसफाईचे साहित्यही पुरेसे पोचलेले नव्हते. परिणामी झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी चेंबरमध्ये घट्ट चिकटून बसे, बोल्ट ती न घेताच मागे येई, आणि पुढे जाताना मॅगझिनमधले नवे काडतूस त्या पुंगळीच्या पाठीत खुपसे. अशा वेळी बोल्ट पुढे रेटण्याने काय साधणार? गरज बोल्ट पुढे रेटण्याची नव्हे, तर नळीच्या तोंडातून साफसफाईची सळई घालून पुंगळी बाहेर ढकलण्याची होती, आणि ती सळईसुद्धा कित्येकांजवळ नव्हती. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेचे सदस्य रिचर्ड इकॉर्ड यांच्या उपसमितीने या प्रकरणाची चौकशी करून लष्करी यंत्रणेवर कडक ताशेरे ओढले. परिस्थिती सुधारली ती क्रोमचा मुलामा दिलेले चेंबर, साफसफाईचे साहित्य आणि प्रशिक्षण यांमुळे.

दुसरा मुद्दा, प्रत्येक लष्करी रायफलीला ही सोय असते हा. एके-४७ मध्ये ती आहे, कारण तिची मूठ बोल्ट कॅरियरचाच भाग आहे; ऑस्ट्रियाच्या स्टायर ऑगमध्येही कॉकिंग हँडलवर तशी तजवीज केलेली आहे. पण जर्मन जी३ मध्ये ती नाही. भारतीय वाचकाला तर लांब जाण्याचीही गरज नाही : इशापूरच्या कारखान्यात बनलेली ७.६२ मिलिमीटरची एसएलआर ही अर्धस्वयंचलित रायफल आपल्या जवानांनी काही दशके वापरली, १९७१ च्या युद्धातही वापरली, आणि तिच्या डाव्या बाजूचे कॉकिंग हँडल बोल्ट मागे ओढते, पुढे रेटत नाही. कोणत्याही निवृत्त जवानाला विचारा, एसएलआरला नावे ठेवताना तो तिचे वजन सांगेल, लांबी सांगेल. बोल्ट पुढे ढकलता येत नाही ही तक्रार निदान मी तरी कधी ऐकलेली नाही.

कवायतीचा दाखला खरा आहे, पण तो शेवटून वाचला जातो. अमेरिकी भूदलाने वर्षानुवर्षे शिकवलेल्या क्रमात आधी मॅगझिनला खालून थाप मारायची, मग हँडल पूर्ण मागे ओढून धरायचे, काडतूस किंवा पुंगळी बाहेर पडली का आणि चेंबर मोकळा आहे का हे डोळ्यांनी पाहायचे, हँडल सोडायचे, आणि त्यानंतर, पाचव्या पायरीवर, फॉरवर्ड असिस्ट दाबायचा. म्हणजे संशयित काडतूस आधीच बाहेर गेलेले असते आणि बटण दाबले जाते ते नव्या काडतुसावर, केवळ खात्रीसाठी. बोल्ट अडला की पहिला हात बटणाकडे जावा, असे त्या कवायतीत कुठेही नाही.

आता नुकसान काही नाही या म्हणण्याकडे येऊ, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. बोल्ट पूर्ण मागून सुटतो तेव्हा त्याला पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगचा जोर आणि कॅरियरचा वेग असे दोन्ही त्याच्या पाठीशी असतात. एवढे असूनही तो काडतूस बसवू शकला नाही, तर मध्ये काहीतरी आहे असेच धरून चालावे लागते. चेपलेली पुंगळी, चेंबरमधली वाळू, कोरडा पडलेला बोल्ट, थकलेली स्प्रिंग, काहीही असू शकेल. बटण ठोकून चेपलेले काडतूस आत घुसवले तर हँडलने सहज निघाले असते ते पाचर बसल्यासारखे रुतते आणि मिनिटाभराचे काम हत्यारांपर्यंत जाते.

हे निदान चिडचिडीवर भागते. याहून वाईट दोन प्रसंग आहेत. एखाद्या काडतुसात दारू कमी भरलेली असली तर गोळी नळीच्या सुरुवातीलाच अडकून राहते, आणि पुढचे काडतूस हाताने भरले की त्याची गोळी तिला टेकून बोल्ट किंचित उघडा राहतो. तो उघडा बोल्ट हीच अशा वेळी नेमबाजाला मिळणारी सूचना असते. बटण ठोकणारा दुसरी गोळी पुंगळीत आणखी आत दाबून ती सूचनाच पुसून टाकतो, आणि पुढच्या चापाला नळी किंवा बोल्ट फुटतो. दुसरा प्रसंग .३०० ब्लॅकआउट या काडतुसाचा. ते ५.५६ मिलिमीटरच्या, म्हणजे एआर-१५ च्या नेहमीच्या काडतुसाच्याच मॅगझिनमध्ये आणि बोल्टवर चालते, म्हणून एकाच नेमबाजाकडे दोन्ही काडतुसे असतात आणि त्यांची सरमिसळ होते. त्याची जवळपास ७.८ मिलिमीटर जाडीची गोळी ५.५६ च्या चेंबरमध्ये सहसा बसत नाही, बोल्ट अलीकडेच थांबतो. पण काही गोळ्या जोर लावला की पुंगळीत मागे दबतात, बोल्ट बंद होतो, आणि रायफल हातात फुटते. अमेरिकेत राहून नेमबाजी करणाऱ्या मराठी मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

मग हे बटण अगदीच निरुपयोगी आहे का? तसेही नाही. पहाऱ्यावरचा शिपाई किंवा सावजाजवळ पोचलेला शिकारी आवाज टाळण्यासाठी बोल्ट हाताने धरून हळूच पुढे सोडतो, तेव्हा वेग नसल्यामुळे तो अखेरचे काही मिलिमीटर अडून राहतो. तिथे अंगठ्याचा एक दाब योग्य काम करतो. चेंबरमध्ये काडतूस आहे का हे बोल्ट किंचित मागे घेऊन पाहिल्यावर तो पुन्हा बंद करण्यासाठीही त्याचा उपयोग होतो. दोन्ही वेळी बोल्ट का थांबला हे आपल्याला ठाऊक असते. मात्र एवढ्यासाठी बटण नसलेली रायफल बाद ठरवण्याचे कारण मला दिसत नाही. कोल्टने १९६४ पासून सामान्य नागरिकांना विकलेल्या एसपी१ या एआर-१५ वरही ते नव्हते, आणि हवाई दलाच्या एम१६ तर त्याविनाच दीर्घकाळ सेवेत राहिल्या.

गोळीबाराच्या मध्येच बोल्ट अडला तर चापावरचे बोट काढावे, नळी सुरक्षित दिशेला ठेवून मॅगझिन काढावे, हँडल पूर्ण मागे ओढावे आणि बाहेर पडलेले काडतूस हातात घेऊन पाहावे. गोळी पुंगळीत मागे दबलेली दिसली तर आधी नळी तपासावी. पुंगळीचे तोंड चेपलेले असेल तर मॅगझिनच्या ओठांकडे, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या त्याच्या वरच्या कडांकडे, बघावे. काडतूस निर्दोष असेल तर चेंबरची घाण, बोल्टचे तेल आणि स्प्रिंग, या क्रमाने शोध घ्यावा.