एक्सएमएलचं ओझं बंद टॅगमध्ये नाही

एक्सएमएल ही माहिती लिहून ठेवायची भाषा: प्रत्येक तुकड्याच्या आधी <पत्ता> असा उघडणारा आणि शेवटी </पत्ता> असा बंद करणारा टॅग लावायचा. "एक्सएमएलमधून बंद टॅगमधली नावं, अ‍ॅट्रिब्यूट, नेमस्पेस आणि डीटीडी काढून टाका, भाषा निम्मी होईल आणि कुणाचं काही अडणार नाही," हा दावा प्रोग्रामर मंडळींत सारखा फिरत असतो. चारांतला एक मुद्दा मला पटतो.

आधी बंद टॅग. </पत्ता> ऐवजी नुसतं </> का नको? कारण ते करून झालंय. एक्सएमएल ज्या एसजीएमएल या जुन्या टॅगांच्या भाषेतून निघाली, तिच्यात ही सोय होती. १९९८ साली वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं ती सोय गाळली, आणि आटोपशीरपणाला फारसं महत्त्व नाही असं उद्दिष्टांतच लिहून ठेवलं. तीनशे ओळींच्या फाइलीत एक टॅग बंद करायचा राहिला, तर आज पार्सर (फाइल वाचून तपासणारा प्रोग्राम) सांगतो: ४१व्या ओळीवरचा <पत्ता> उघडाच आहे आणि बंद होतोय <ग्राहक>. नावं काढलीत की पुढचा प्रत्येक </> भलत्याच टॅगला बंद करत जातो आणि बोंब होते ती फाइल संपल्यावर. मग शोधत बसा. आकाराचं म्हणाल, तर तीच ती नावं झिपमध्ये अगदी थोड्या जागेत मावतात. (टॅगची नावं मराठीत चालतात, बरं का.)

अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे उघडणाऱ्या टॅगच्या आत लिहिलेली जास्तीची माहिती. ती म्हणजे एलिमेंटचंच (टॅगची जोडी आणि तिच्यातला मजकूर) दुसरं सोंग, असं म्हणणाऱ्यांनी बहुधा नुसते तक्ते हाताळलेले असतात. <दुवा कुठे="प्रकरण५">पुढे वाचा</दुवा> यातले टॅग पुसले तरी वाक्य शाबूत राहतं. 'कुठे'चं एलिमेंट करा, 'प्रकरण५' वाक्यात घुसतं.

नेमस्पेसचा, म्हणजे टॅगचं नाव कुठल्या शब्दसंग्रहातलं आहे हे सांगणाऱ्या खुणेचा, जाच मलाही होतो. एक्सपाथ (फाइलीत एलिमेंट शोधायचं सूत्र) बरोबर, एलिमेंट डोळ्यांसमोर, आणि हाती शून्य. कारण वर कुठेतरी डीफॉल्ट नेमस्पेस जाहीर केलेली असते आणि सूत्रातलं नुसतं नाव तिच्यात शोधलंच जात नाही. पण एक्सएचटीएमएलच्या (एक्सएमएलच्या नियमांनी लिहिलेल्या) वेबपानात एसव्हीजीचं (तेही एक्सएमएलमध्येच लिहिलेलं) चित्र आलं की 'टायटल' हे एलिमेंट दोघांतही आहे. कुठलं कुणाचं, हे नेमस्पेसशिवाय कसं ठरवायचं, ते दावा करणारे सांगत नाहीत.

डीटीडी, म्हणजे फाइलीत कुठले टॅग चालतील ते सांगणारी नियमावली, मात्र खुशाल काढा. तिच्यात एंटिटी, म्हणजे मजकुराची लघुरूपं, जाहीर करता येतात. दहाएक एंटिटी, प्रत्येकीत आधीचीचा दहादा उल्लेख: एक केबीहून लहान फाइल उलगडून तीनेक जीबी मेमरी खाते. प्रोग्राम एकमेकांना एक्सएमएलमध्ये संदेश पाठवतात त्या सोप या पद्धतीनं संदेशांत डीटीडीला बंदीच घातली. २०१२ साली मायक्रोएक्सएमएल या एक्सएमएलच्या छाटलेल्या आवृत्तीचा मसुदा झाला. त्यात डीटीडी नाही, नेमस्पेसही नाही. तरी फारसं कुणी तिकडे वळलं नाही, कारण जुन्या एसव्हीजी फायली डॉकटाइपची (डीटीडी जोडणारी) ओळ घेऊन अजून येतातच, आणि त्या वाचायला जुना पार्सर ठेवावाच लागतो.