परदेशातून : सदुसष्ट सीसीचा हिशेब

पुण्यात, मुंबईत, नागपुरात पोलीस जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडतात आणि त्यांच्यावरून रोड रोलर फिरवतात. फोटो सगळीकडे फिरतो आणि लोकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, अस्संच पाहिजे. दुसरा म्हणतो, पोरांना हक्काची ड्रॅग स्ट्रिप, म्हणजे दोन गाड्या उभ्या जागेवरून सरळ सुसाट पळवायची बंदिस्त पट्टी, द्या, अमेरिकेत असते तशी, मग रस्ते आपोआप शांत होतील. हे ‘अमेरिकेत असते तशी’ इथे पेनसिल्व्हेनियात बसून वाचलं की खटकतं. इथे नुसती स्ट्रिप आली नव्हती. तिच्याबरोबर वजनकाटा आला, नियमावली आली आणि जिंकलेल्याचं इंजिन उघडून मोजणारा तपासनीस आला. आपल्या वादात या तिघांचं नाव कुणी काढत नाही, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

ही गोष्ट कळायला बिल जेन्किन्सचं काम बघावं. जन्म 1930 चा, फिलाडेल्फियाचा. कॉर्नेल विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होता, वडील गेल्यावर शिक्षण अर्धवट सुटलं. पुढे मालव्हर्न गावात त्याचं इंजिनांचं वर्कशॉप होतं. तोंडात सिगार आणि कपाळाला आठी, म्हणून लोक त्याला ‘ग्रम्पी’ म्हणायचे, म्हणजे तिरसट. त्यानं तेच नाव आपल्या पांढऱ्या गाड्यांवर रंगवून घेतलं : ‘ग्रम्पीज टॉय’. मार्च 2012 मध्ये तो गेला. नॅशनल हॉट रॉड असोसिएशननं, म्हणजे एनएचआरएनं, 2001 साली आपल्या पन्नास वर्षांतले पन्नास सर्वोत्तम ड्रायव्हर निवडले, त्यात त्याचा नंबर आठवा लागला. पण तो आधी मेकॅनिक आणि मग ड्रायव्हर. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इंजिन त्याचं असायचं आणि स्टिअरिंगवर डेव्ह स्ट्रिकलर.

त्याचं खरं कसब दिसतं ते स्टॉक वर्गात. स्टॉक म्हणजे शोरूममधून येते तशी गाडी. वर्ग ठरायचा एका भागाकारानं : गाडीचं वजन भागिले कंपनीनं जाहीर केलेली अश्वशक्ती. समजा गाडी 3,200 पौंडांची आणि इंजिन 350 अश्वशक्तीचं, तर उत्तर येतं 9.14, आणि त्या आकड्याच्या आसपासच्याच गाड्यांशी लढत. साठच्या दशकाच्या मध्यावर या वर्गात मुभा मोजकी होती. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 60 थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवा, हेडर, म्हणजे धूर मोकळा जाऊ देणाऱ्या नळ्या, लावा, मागचा गिअर रेशो हवा तो घ्या, सात इंच रुंदीचे स्लिक, म्हणजे गुळगुळीत, टायर चढवा. कॅमची लिफ्ट (कॅम व्हॉल्व्हला किती उचलतो ते माप), कार्बुरेटर, व्हॉल्व्हचा व्यास कंपनीचाच हवा. पोर्टला, म्हणजे हवा जाण्या-येण्याच्या वाटेला, ग्राइंडर लावायचा नाही, कम्बशन चेंबर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातली (हेडमधली) मिश्रण पेटण्याची जागा, कोरायचं नाही.

मग वेग आणायचा कुठून? कंपनीनं कागदावर लिहिलेल्या मापात आणि कारखान्यातून आलेल्या मापात जो फरक पडतो, त्यातून.

1966 साली जेन्किन्सनं शेव्हरलेटची छोटी ‘शेव्ही टू’ घेतली. इंजिन 327 घनइंच, 350 अश्वशक्ती, कॉम्प्रेशन 11 ला 1, म्हणजे सिलिंडरात भरलेलं मिश्रण पिस्टन अकराव्या हिश्शाइतकं दाबतो. आठ सिलिंडरांत विभागलं तर एकेक सिलिंडर सुमारे 670 सीसीचा होतो. 11 चं कॉम्प्रेशन हवं तर पिस्टन वर टोकाला असताना उरलेली जागा, म्हणजे हेडमधलं चेंबर, गॅस्केटची जाडी आणि पिस्टनमधले खळगे धरून, 67 सीसी भरली पाहिजे. एका सिलिंडरला ती 69 भरली तर कॉम्प्रेशन 10.71 वर येतं. दुसऱ्याला 65 भरली तर 11.31 वर जातं. त्या 65 वाल्यात मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोकायला लागतं, त्याला सांभाळायला इग्निशन मागे घ्यावं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडावी लागते, आणि एका सिलिंडरपायी बाकीचे सातही मंदावतात. कारखान्यातून आलेल्या ओतीव हेडमध्ये असा फरक सर्रास असतो.

तो काढण्याची रीत आजही तीच आहे. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग जागेवर, व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटला पातळ ग्रीस. वर पारदर्शक ॲक्रिलिकची जाड प्लेट, तिच्या कडेनं ग्रीस, प्लेटला एक छोटं भोक. हेड एका बाजूनं किंचित उचलायचं आणि भोक वरच्या अंगाला ठेवायचं, म्हणजे हवा तिथून निघून जाते. ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या नळीतून, रंग घातलेलं रॉकेल हळूहळू सोडायचं आणि किती उतरलं ते वाचायचं. एक बुडबुडा अडकून राहिला तरी आकडा चुकतो, म्हणून प्रत्येक चेंबर दोनदा भरायचं. सगळ्यांत मोठं चेंबर सापडलं की बाकीची त्याच्या मापाला आणायची. कोरायला बंदी आहे, पण व्हॉल्व्हची सीट घासून व्हॉल्व्ह खाली बसवता येतो. इनलेट 10 थाऊ खाली गेला तर साधारण अर्धा सीसी वाढतो. सगळी सारखी झाली की हेडची तळबाजू घासून सगळी एकदम अशी आणायची की गॅस्केट आणि खळगे धरून वरची जागा 67 च्या हद्दीवर येईल. या कामात चोरी कुठेच नाही, आणि फरक मात्र घड्याळात दिसतो.

या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे कॅमची ढकल व्हॉल्व्हकडे पोचवणारे तेल भरलेले तुकडे, होते. फेरे वाढले की टॅपेटमध्ये तेल जास्त भरतं, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि इंजिन दम टाकतं. उपाय म्हणजे टॅपेटवर भार जवळजवळ शून्य ठेवून ॲडजस्टमेंट करायची, आणि प्रत्येक स्प्रिंगचा दाब काट्यावर मोजून सारख्या स्प्रिंगा जोडीला घालायच्या. गाडीला मागे एकेरी पात्याच्या स्प्रिंगा. क्लच सोडला की पातं पिळवटतं, चाक उड्या मारायला लागतं आणि पहिल्या साठ फुटांतच शर्यत हातची जाते. त्यासाठी ट्रॅक्शन बार, म्हणजे ती पिळवट रोखणारे दांडे. पेट्रोलची नळी बर्फाच्या डब्यातून वेटोळी फिरवून नेण्याच्या युक्तीचं श्रेयही लोक त्यालाच देतात. उद्देश एवढाच की कार्बुरेटरपाशी पोचेपर्यंत पेट्रोलची वाफ होऊ नये.

एवढं करूनही 1966 च्या मोठ्या लढतींत तो जेरी स्टालकडून हरला. स्टाल यॉर्कचा, त्याच राज्यातला, हेडर बनवण्यात हातखंडा असलेला माणूस. त्याच्या प्लिमथला सात लिटरचं हेमी इंजिन होतं, 425 अश्वशक्तीचं, आणि समोर जेन्किन्सचं साडेपाच लिटरसुद्धा पूर्ण नाही. भागाकारानं दोघांना एकाच रांगेत उभं केलं होतं आणि लोक तासन् तास उन्हात बसून ते बघत होते. 1967 मध्ये कॅमारो घेऊन जेन्किन्सनं इंडियानापोलिसच्या नॅशनल्स स्पर्धेत सुपर स्टॉक, म्हणजे स्टॉकपेक्षा जास्त मुभा असलेला वर्ग, जिंकलं. 1968 मध्ये त्यानं बांधलेल्या 302 घनइंची कॅमारोत स्ट्रिकलर त्या वर्गाचा जागतिक विजेता झाला. त्या इंजिनाची जाहीर अश्वशक्ती होती 290, प्रत्यक्षात पुष्कळ जास्त. कंपन्या आकडे कमी सांगतात हे दिसल्यावर एनएचआरए स्वतःच आकडे ठरवायला लागली. 1970 मध्ये प्रो स्टॉक वर्ग निघाला, आणि कॅलिफोर्नियातल्या पोमोनाला त्याची पहिली शर्यत अंतिम फेरीत रॉनी सॉक्सला मागे टाकून जेन्किन्सनंच घेतली. पण तिथून पुढे गाड्या शोरूमच्या उरल्या नाहीत. मला मोलाचा वाटतो तो त्याआधीचाच काळ.

कारण त्या काळात जिंकल्यावर गाडी थेट तपासणीला जायची. आधी वजन, मग हेड खाली. बोअर आणि स्ट्रोक मोजायचे, चेंबर ब्युरेटनं भरून बघायचं, कॅमवर डायल गेज लावून लिफ्ट वाचायची. माप बाहेर असलं तर बक्षीस जायचं. हरलेल्यालाही पैसे भरून तक्रार लावता यायची. वॉली पार्क्सनं 1951 मध्ये एनएचआरए काढली ती रस्त्यावरच्या शर्यती बंदिस्त जागेत आणायला. माझ्या मते स्ट्रिपनं पोरांना बोलावलं, पण तिथे टिकवलं या मोजमापानं. रस्त्यावर ‘माझी गाडी फास्ट’ असं म्हणणाऱ्याचं तोंड कुणी धरत नाही. स्ट्रिपवर हातात वेळेची चिठ्ठी पडते.

कापलेल्या सायलेन्सरची चिठ्ठी तर निघायलाच हवी. सिंगल सिलिंडरच्या गाडीचा सायलेन्सर पोकळ केला आणि कार्बुरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तोच ठेवला, तर मिश्रण पातळ होतं. ॲक्सिलरेटर सोडला की फटाके वाजतात ते त्याचेच. व्हॉल्व्ह तापतो, मधल्या फेऱ्यांतली ओढ जाते. आवाज वाढतो आणि गाडी बहुतेक वेळा मंद होते. दोनशे मीटरवर घड्याळ लावलं की हे पोराला स्वतःला दिसेल.

म्हणून कायद्यावर ओरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये तेच ठासून सांगितलं. रस्त्यासाठी ते बरोबर आहे. कलम 189 सार्वजनिक जागी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावायला बंदी करतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. तेही राहू दे. शिवाय मे 2024 मध्ये कल्याणीनगरला दोन तरुण जीव गेले, तसल्या अपघाताला कुठलीच ड्रॅग स्ट्रिप उत्तर नाही. तिथे दारू, अल्पवय आणि घरच्यांनी दिलेली किल्ली होती.

इथलं चित्रही गोड नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून जवळच असलेली, कित्येक मराठी घरांच्या शेजारची इंग्लिशटाउनची स्ट्रिप जानेवारी 2018 मध्ये बंद झाली. न्यू जर्सीचीच ॲटको 2023 मध्ये गेली. जमिनीचा भाव वाढतो, घरं जवळ येतात, आवाजाच्या तक्रारी सुरू होतात. रस्त्यावर चौक अडवून गाड्या फिरवणारे इथेही आहेत.

तरी आपल्याकडे हे जमण्यासारखं आहे. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती झाल्या आहेत, चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धा होतात, बंगळुरूचा हेमंत मुद्दप्पा तिथे अनेकदा विजेता ठरला आहे. पण वर्षातून एखादा मेळावा भरवून शुक्रवारी रात्री हायवेवर जाणारा पोरगा थांबत नाही. त्याला दर आठवड्याला जागा हवी, आणि तीही पूर्ण पाव मैलाची, म्हणजे 402 मीटरची, नको. निम्मं, 201 मीटर, 150 ते 200 सीसीच्या गाड्यांना भरपूर झालं. त्यापुढे थांबायला जागा मात्र सढळ हवी. एखादी मोठी गाडी ताशी 180 किलोमीटरला पोचली, तर ते झाले सेकंदाला 50 मीटर. बेताचा ब्रेक लावला तरी 250 मीटर लागतात, ओल किंवा सांडलेलं तेल असेल तर दुप्पट धरा. सुरुवातीचे वीस मीटर काँक्रीटचे हवेत, कारण धूळभरल्या डांबरावर चाक नुसतं फिरतं. दोन्ही बाजूंनी भिंत, ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, आणि तेल सांडलं की ते पुसून होईपर्यंत शर्यत बंद.

नियम घालून खेळ वाचवणं आपल्याला नवं नाही. बैलगाडा शर्यतीला 2014 मध्ये बंदी आली, 2017 मध्ये राज्यानं कायदा केला, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठानं तो कायदा उचलून धरला. खेड, आंबेगाव, जुन्नरच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या पट्टीवर, एकेक बारी सुटते आणि सेकंदांवर निकाल लागतो. सरळ पट्टी, घड्याळ आणि गर्दी तिथे आहेच, ड्रॅग रेसिंग त्याहून वेगळं काय आहे?

उरला तपासनीस. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंग-होनिंग करणारे हात आहेत, एका थाऊचा फरक बोटाला कळणारे. त्यांच्यासमोर 150 सीसीच्या गाडीचं हेड ठेवा. 9.5 च्या कॉम्प्रेशनला वरची जागा किती भरायला हवी? 150 भागिले साडेआठ (साडेनऊ वजा एक), 17.6 सीसी. प्लेट, ग्रीस आणि एक ब्युरेट लागेल.