रेघा मारलेली पुस्तकं

किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकायला गेलं की पुस्तकांच्या आधी आपली किंमत होते. लेकीचं इंजिनीअरिंग संपलं, पलंगाखालचा गठ्ठा तसाच. "रद्दीत दे गं, सगळ्याच्या पीडीएफ मिळतात," म्हणाली. पीडीएफ मिळतात, तर मग चार वर्षं माझ्याकडून कशाचे पैसे नेलेस? चिडून दोन पिशव्या टॅक्सीत घातल्या आणि निघाले.

पुस्तकवाल्याने पुस्तक उघडलंसुद्धा नाही. "पुराना स्कीम है मॅडम."

मुंबई विद्यापीठाने इंजिनीअरिंगचा अभ्यासक्रम २०१२ला बदलला, २०१६ला बदलला, २०१९ला बदलला, आता नवं शैक्षणिक धोरण. गणितज्ञ लाप्लास बिचारा १८२७ सालीच गेला, त्याच्याकडून नवीन काही येण्याची शक्यता नाही. पण त्याचा धडा पाचवा होता तो पहिला झाला, की माझं पुस्तक बाद! बरं, यातली काही मी इथूनच घेतली होती, निम्म्या किमतीत. तेव्हा ती 'एकदम नया' होती.

तेवढ्यात एक काका टपकले. काखेत केळीच्या पानांची गुंडाळी, व्यवहाराशी संबंध शून्य. या शहरात गाडीतून बॅग उतरवायला कुणी हात देणार नाही, पण दोघं भाव करताना दिसले की तिसरा पंच म्हणून हजर. "बघू," म्हणत त्यांनी एम-थ्रीचं, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरच्या गणिताचं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पंचनामा सुरू केला.

"पहिला धडा अख्खा पिवळा. दुसऱ्यात नुसते मथळे पिवळे. तिसऱ्यापासून कोरं." पुस्तक मिटून माझ्याकडे बघत म्हणाले, "केटी लागली होती ना?"

लागली होती, म्हणजे लेक त्या विषयात नापास झाली होती. पण जे मी सासूबाईंना कळू दिलं नाही, ते फुटपाथवर कशाला कबूल करू?

"नाही," मी म्हटलं.

"एम-थ्रीला लागतेच हो." पुन्हा उघडलं. आता समासातलं पेन्सिलीचं अक्षर, तेही मोठ्याने: "'देवा, बत्तीस दे.'" ऐंशीच्या पेपरात पासिंग बत्तीसला, हे तिथे प्रत्येकाला पाठ. शेजारी पुस्तकं चाळणारी दोन पोरं फिस्सकन हसली. पुस्तकवालाही हसला, आणि तो हसला तिथेच माझा भाव गडगडला.

"रेघा पेनाने मारल्यात," काकांनी त्याला बजावलं. "पन्नासच्या वर देऊ नकोस."

अहो, पण तुम्ही कोण? पैसे तुमच्या खिशातून जाणार आहेत का? हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडातून आलं ते "काका, प्लीज." पिशव्या परत नेण्याची ताकद नव्हती. सगळ्या गठ्ठ्याचे मिळून तीनशे रुपये हातावर पडले, त्यातले निम्मे टॅक्सीने आधीच खाल्ले होते. या तीनशेत आज त्यातलं एक नवं पुस्तकही येणार नाही.

मी नोटा पर्समध्ये कोंबत होते, तर मागून काकांचा आवाज. "ते एम-थ्रीचं कितीला देतोस?"

"डेढसौ."

"दीडशे? आत्ता माझ्यासमोर…" काका माझ्याकडे वळले. आवाज एकदम मऊ. "ताई, तुम्ही तरी सांगा याला. नातवाला केटी लागलीय हो."

"घ्या की," मी म्हटलं. "एकदम नवं आहे. तिसऱ्या धड्यापासून तर हातसुद्धा लावलेला नाही."