फौजीला राजकारण नसतं म्हणे!

इलेक्शन जवळ आलं की एक पोस्ट हमखास फिरते. सैनिकाला पक्ष नसतो, त्याला फक्त देश असतो, खाली तिरंगा, बर्फातला जवान, आणि कॉमेंटमध्ये नुसते हात जोडलेले. परवा माझ्या वॉलवर तीच पुन्हा आली आणि राहवलं नाही, कारण सध्या मी अमेरिकेतल्या सिव्हिल वॉरच्या (1861 ते 1865, गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं विरुद्ध लिंकनच्या सरकारकडून लढणारी उत्तर) साध्या शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं वाचतोय, नेटवर ढिगाने फुकट पडलीयेत, आणि ती वाचून माझं मत पार उलटं झालंय. तंबूतल्या माणसाकडे जेवढं राजकारण होतं तेवढं घरी बसून देशभक्ती करणाऱ्यांकडे नव्हतं.

आधी कॅम्प कसा होता ते बघा. लढाई म्हणजे वर्षातले मोजके दिवस, बाकी सगळा वेळ कॅम्प. सकाळी ड्रिल, दुपारी ड्रिल, मग लाकडं फोडा, पाणी आणा, पहारा द्या. थंडीत तर महिनोन्महिने एकाच जागी मुक्काम, ओंडक्यांच्या बुटक्या खोपट्या, वर तंबूचं कापड, धुराड्यावर रिकामं पिंप ठेवलेलं, ते मधेच पेटायचं आणि शेजारच्या खोपटीतले लोक हसायचे. खायला हार्डटॅक, म्हणजे पीठ आणि पाण्याचं इतकं कडक बिस्कीट की रायफलच्या दस्त्याने फोडावं लागायचं. त्यात अळ्या. मग ते गरम कॉफीत बुडवायचं, अळ्या वर तरंगल्या की काढून टाकायच्या आणि उरलेलं प्यायचं, हे लोक अगदी सहज लिहितात, आईला! कॉफी मात्र त्यांचा जीव की प्राण. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवल्यामुळे तिकडच्या शिपायांना कॉफीच मिळेना, ते भाजलेला मका नाहीतर शेंगदाणे उकळून प्यायचे. (याच नाकेबंदीने अमेरिकेचा कापूस अडकला आणि आपल्या मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले, शेअर बाजाराला वेड लागलं, 1865 ला युद्ध संपलं आणि सगळं धाडकन आपटलं. तो वेगळ्या पोस्टचा विषय.)

आणि आजारपण. गोवर, टायफॉइड, हगवण. गोळीने जेवढे मेले त्याच्या साधारण दुप्पट आजाराने मेले. खेड्यातली पोरं, आयुष्यात कधी एवढ्या गर्दीत राहिली नव्हती, संडासाचा खड्डा आणि पिण्याचं पाणी शेजारी शेजारी, दुसरं काय होणार.

आता एवढा रिकामा वेळ, बहुतेकांना लिहिता वाचता येतं, पेपर कॅम्पात येतात, आणि घरी जाणारी पत्रं कुणी सेन्सॉर करत नाही. अशी फौज गप्प बसेल? व्हर्जिनियात रॅपाहॅनॉक नदीच्या दोन तीरांवर दोन सैन्यं बसलेली असताना पहारेकरी छोट्या खेळण्यातल्या होड्या करून एकमेकांना तंबाखू आणि कॉफी पाठवायचे, आणि सोबत पेपर! शत्रूचा पेपर वाचायला मिळावा म्हणून एवढी खटपट.

मतं एकसारखी होती असं अजिबात नाही. सुरुवातीला उत्तरेतले बरेच जण देश फुटू नये म्हणून आलेले, गुलामांशी आम्हाला काय करायचंय असं उघड म्हणणारे. 1 जानेवारी 1863 ला लिंकनने बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लागू केला तेव्हा कॅम्पात जोरात भांडणं झाली, काही जण संतापून पळूनसुद्धा गेले. पण पुढच्या दीड वर्षात वारं फिरलं, आणि ते भाषणांनी फिरलं असं मला वाटत नाही. दक्षिणेत फिरताना त्यांनी पाठीवरचे वळ बघितले, विकलेल्या पोरांच्या आया बघितल्या, रात्री जीव मुठीत धरून कॅम्पात आलेली माणसं बघितली. आणि हेही कळलं की दक्षिणेचं सैन्य ज्यांच्या कष्टावर जेवतंय तेच आपल्याकडे आले तर लढाई लवकर संपेल. म्हणजे थोडी माणुसकी, थोडा हिशोब. महात्मा फुल्यांनी 1873 ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली आणि त्यांच्या निरपेक्ष त्यागाचं कौतुक केलं. पत्रं वाचताना ते निरपेक्ष म्हणणं थोडं अडखळतं खरं, पण म्हणून मला त्या शिपायांचं मोल कमी वाटत नाही, उलट जास्तच वाटतं. मत घेऊन जन्माला आलेल्यापेक्षा चिखलात उभं राहून मत बदलणारा मला जवळचा.

दक्षिणेकडेही हेच. 1862 ला सक्तीची भरती आली, आणि त्याच वर्षी वीस गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या माणसाला सूट. गरीब शेतकऱ्याच्या पोराने काय समजायचं? युद्ध श्रीमंतांचं, मरायचं गरिबांनी, हे त्यांच्या कॅम्पात सर्रास बोललं जायचं. उत्तरेत तीनशे डॉलर भरून सुटता यायचं, शिपायाचा महिन्याचा पगार तेरा डॉलर. करा हिशोब.

मग 1864 ची निवडणूक. लिंकनसमोर उभा कोण, तर उत्तरेच्याच सैन्याचा माजी सेनापती मॅक्लेलन, ज्याच्यावर हीच फौज जीव ओवाळून टाकायची, त्याला लिंकनने काढलं तेव्हा शिपाई रडले होते. पण मॅक्लेलनच्या पक्षाने युद्ध फसलंय म्हणून जाहीर केलं. पोरं चिडली. सैनिकांची जी मतं वेगळी मोजली त्यात सुमारे 78 टक्के लिंकनला, देशभरात मात्र त्याला 55 च्या आसपास. आता यात सगळं शुद्ध होतं असं मी म्हणणार नाही, लिंकनविरोधी बोलले म्हणून काही अधिकारी बडतर्फ झाले होते, आणि वरिष्ठांच्या डोळ्यांसमोर दिलेलं मत किती मोकळं असतं हे आपल्याला काय सांगायला पाहिजे. तरी एवढा फरक नुसत्या दबावाने पडत नाही.

आणि काळे सैनिक, जवळजवळ 1 लाख 80 हजार. त्यांना दहा डॉलर, त्यातले तीन कपड्यांचे कापून, हातात सात. 54 व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटने काय केलं, तर पगारच घेतला नाही. दीड वर्ष! घरी बायकापोरं उपाशी, आणि हे लढतायत. त्यातल्या जेम्स हेन्री गूडिंग नावाच्या कॉर्पोरलने सप्टेंबर 1863 ला थेट लिंकनला पत्र लिहून विचारलं, आम्ही सैनिक आहोत का मजूर? जून 1864 ला समान पगाराचा कायदा झाला तेव्हा गूडिंग शत्रूच्या कैदेत होता, जुलैत तिथेच वारला. आणि कायद्यातही मेख होती, मागची पूर्ण बाकी फक्त युद्धाच्या सुरुवातीला जे स्वतंत्र होते त्यांनाच. मग त्यांच्या कर्नलने, हॅलोवेलने, एक शपथ तयार केली, की 19 एप्रिल 1861 ला किंवा त्याआधी मला फुकट राबवून घ्यायचा हक्क कुणालाही नव्हता. आधी गुलाम असलेल्यांनीही ती ताठ मानेने घेतली आणि पैसे उचलले. खोटं काय होतं त्यात?